'ट्रेनी' म्हटलं की किमान वेतन लागत नाही, हे खरं आहे का?

पारवा
नमस्कार मंडळी.
शहरातल्या कुठल्याही बाजारपेठेत दुकानांच्या काचांवर सध्या एकच मजकूर दिसतो: 'मुले-मुली पाहिजेत. फ्रेशर चालतील. पगार ९,०००. वेळ स. ११ ते रा. ९.' विचारलं तर सांगतात, पहिले सहा महिने ट्रेनी, मग वाढवू. बारावी झालेले, पदवीधर, आयटीआयवाले सगळे याच भावात उभे असतात.
किमान वेतनाचा कायदा १९४८ पासून आहे. मग महापालिका हद्दीत दहा तासांना ९,००० कसे चालतात? वय कमी किंवा अनुभव नाही म्हणून कायद्याने कमी देता येतं का? आणि दर वाढवले तर या मुलांच्या नोकऱ्याच जातील, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यात किती तथ्य आहे? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

खतावणी
आधी दर बघू, मग वाद घालू.
महाराष्ट्रात 'दुकाने व व्यापारी आस्थापना' या रोजगारासाठी जुलै २०१९ च्या अधिसूचनेत परिमंडळ १ चे, म्हणजे महापालिका हद्दीतले, मूळ दर असे आहेत: कुशल ११,६३२, अर्धकुशल १०,८५६, अकुशल १०,०२१. यावर विशेष भत्ता वेगळा. तो महागाई निर्देशांकाला जोडलेला असतो आणि जानेवारी-जून, जुलै-डिसेंबर असा सहामाही बदलतो. म्हणजे २०१९ चा मूळ दर हा पाया झाला, आजचा देय आकडा त्याहून बराच वर असतो.
दिवसाचा दर काढताना महिन्याला २६ ने भागायचं, ३० ने नाही. आठवड्याच्या सुट्टीचा पगार त्यातच धरलेला असतो. १०,०२१ भागिले २६ = ३८५.४२. तासाला ४८.१८. अर्धवेळ माणसाला तासाचा दर १५ टक्के वाढवून द्यावा लागतो, म्हणजे ५५.४०. कॉलेज करून चार तास काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलांना हा १५ टक्क्यांचा नियम कुणी सांगतच नाही.
आता तुमची पाटी. दहा तास, सहा दिवस म्हणजे आठवड्याला ६० तास. ४८ तासांचा आठवडा धरला तर १२ तास ओव्हरटाइम (ओटी), महिन्याला साधारण ५२. ओटी दुप्पट, म्हणजे तासाला ९६.३६. ते झाले ५,०११. मूळ १०,०२१ मिळवले की १५,०३२. विशेष भत्ता अजून मिळवलेलाच नाही. समोर लिहिलेत ९,०००.

सोनचाफा
बाप रे. ९,००० कमी आहेत हे माहीत होतं, पण इतके?

चाकणमार्ग
दर ठरलेला असतो, पण मुलाला त्या दरातून बाहेर कसं काढतात ते एमआयडीसीत बघायला मिळतं. ट्रेनी हा एक शब्द झाला, त्याच्याखाली चार वेगळे प्रकार असतात:

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ खालचा अप्रेंटिस. हा खरोखरच किमान वेतनाच्या बाहेर आहे, कारण कायदा त्याला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानतो. २०१९ च्या नियमांत विद्यावेतन पाचवी ते नववीला ५,०००, दहावीला ६,०००, बारावी आणि आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीला ९,००० होतं. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ परिषदेने हे ६,८०० ते १२,३०० करायची शिफारस केली.
दुसरा, सरकारी योजनेतून आलेला प्रशिक्षणार्थी.
तिसरा, ठेकेदाराचा 'ट्रेनी'. पूर्वी हे 'नीम' या केंद्राच्या प्रशिक्षण योजनेखाली चालायचं. ती योजना बंद झाली, सवय राहिली.
चौथा, नुसतं नियुक्तिपत्रावर ट्रेनी लिहिलेला. दुकानातली मुलं जवळपास सगळी या चौथ्यात येतात. त्याला कायद्यात काहीही आधार नाही. माल विकतोय, बिल करतोय, गोदाम लावतोय तर तो कामगार आणि त्याला पूर्ण दर.

ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या अप्रेंटिसचा करार सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर नोंदलेला असतो आणि त्याला करार क्रमांक असतो. 'माझा करार क्रमांक द्या' एवढंच विचारायचं. नंबर नाही, तर अप्रेंटिस नाही.

तिफण
+१. अजून एक. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के. ती १५ टक्क्यांची वरची मर्यादा भरली की पुढच्या मुलांसाठी नवी नावं शोधली जातात. लाइनवर शंभरात चाळीस 'ट्रेनी' दिसले तर ते सगळे कायदेशीर अप्रेंटिस असणं गणितातच बसत नाही.

सह्यगिरी
चाकणमार्ग, तुमच्या दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहायलाच हवं. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधर आणि पदव्युत्तरला १०,०००. आधी सहा महिने, नंतर मुदत वाढवून अकरा. पैसे थेट खात्यात.
खतावणींचा आकडा शेजारी ठेवा. महापालिका हद्दीतल्या दुकानात झाडलोट करणाऱ्या अकुशल कामगाराचा २०१९ चा मूळ दर १०,०२१. राज्याने एम.ए. झालेल्या मुलाला पाच वर्षांनी १०,००० ठरवले. प्रशिक्षण म्हणून ते कायद्यात बसतं, मान्य. पण सरकारच पदवीधराची किंमत इतकी लावतं, तेव्हा बाजारात तोच आकडा कमाल होऊन बसतो. दुकानदार म्हणतो, सरकारी कचेरीत दहा मिळतात, मी नऊ देतो, काय वाईट?

दुकानदार_मराठवाडा
दुसरी बाजूही ऐका. तालुक्याच्या गावात कापड दुकानाचं भाडं, वीज, उधारी, ऑनलाइन खरेदीने गेलेलं गिऱ्हाईक असं सगळं सांभाळून माणूस ठेवावा लागतो. नवा मुलगा पहिले तीन महिने गिऱ्हाइकाला ठाण दाखवून परत घडीसुद्धा घालू शकत नाही. त्याला पहिल्या दिवसापासून पूर्ण दर दिला तर दोनाऐवजी एकच माणूस ठेवावा लागेल. मग उरलेल्या एकाचं काय? शिकायच्या काळात थोडा कमी दर असावा, हे मागणं चूक आहे का?

खतावणी
मागणं चूक नाही आणि कायद्याने ते नाकारलेलंही नव्हतं. १९४८ च्या कायद्यातच प्रौढ, किशोरवयीन आणि शिकाऊ यांना वेगळे दर ठरवायची मुभा होती. पण ते दर सरकारने अधिसूचनेत ठरवायचे असतात, मालकाने गल्ल्यावर बसून नाही. आणि ठाणाची घडी न येणारा मुलगा म्हणजेच अकुशल. श्रेणी त्यासाठीच आहेत: शिकला की अर्धकुशल, मग कुशल. शिकाऊपणाची सूट अकुशल दरात आधीच दिलेली आहे. त्याखाली दुसरी सूट कशाला?
शिवाय परिमंडळं आहेत. छोट्या गावाचा दर महापालिकेपेक्षा कमीच असतो. तुम्हाला पुण्याचा दर कुणी मागत नाही.

दुकानदार_मराठवाडा
परिमंडळाचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. पण दोनाचा एक होणार, याचं उत्तर मिळालं नाही.

अंकगणित
मी प्रयत्न करतो. साधं पुस्तकी अर्थशास्त्र तुम्ही म्हणता तेच सांगतं: किंमत वाढली की मागणी घटते. १९९२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत न्यू जर्सीने किमान दर ४.२५ वरून ५.०५ डॉलर केला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या बर्गरच्या दुकानांतल्या नोकऱ्या मोजल्या. तिथे काम करणारे बहुतेक तरुणच. न्यू जर्सीत नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. या अभ्यासावर बरीच वर्षं वाद झाला, पण कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा होता.
कारण असं, की तरुण कामगाराच्या बाजारात मालकाच्या हातात बरंच बळ असतं. मुलाला जवळ चारच दुकानं असतात, चौघांचा भाव एक असतो, दूर जायला बसभाडं लागतं. अशा ठिकाणी पगार मुलाच्या कामाच्या मोलाखाली दाबलेला असतो. तो थोडा वर उचलला तर नोकरी जातेच असं नाही. वारंवार मुलं सोडून जाणं कमी होतं आणि ती बचत मालकाचीच. तुमचे ते तीन महिने दर वर्षी दोनदा फुकट जातात, तेही हिशेबात धरा.
अर्थात कितीही वाढवला तरी चालेल, असं हा अभ्यास म्हणत नाही. मर्यादा असते आणि ती ठिकाणावर ठरते.

टेम्स_काठ
वयाप्रमाणे दराचं उदाहरण इथे ब्रिटनमध्ये आहे. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात तासाला २१ आणि वरच्यांना १२.२१ पौंड, १८ ते २० ला १०.००, अठराखालच्यांना आणि अप्रेंटिसना ७.५५. पण अप्रेंटिसचा खालचा दर १९ वर्षांखालच्यांना किंवा पहिल्याच वर्षापुरता. एकोणीस पूर्ण झालेला मुलगा पहिलं वर्ष संपवतो, तेव्हा त्याला वयाचा पूर्ण दर मिळायला लागतो. 'सहा महिने, मग बघू' अशी मोघम भाषा चालत नाही.

रानजाई
हे आवडलं. आपल्याकडे अप्रेंटिसला दुसऱ्या वर्षी विद्यावेतनात १० टक्के वाढ आहे, पण किमान वेतनाच्या पातळीला आणायची तरतूद नाही.

उपरणं
जरा विषयांतर. कुरिअर आणि खाणं पोचवणाऱ्या मुलांचं काय? वीस-बावीसची मुलं आहेत सगळी. ऑर्डरमागे पैसे, पेट्रोल स्वतःचं, गाडी स्वतःची. तास कुठून मोजायचे, ॲप चालू केल्यापासून की ऑर्डर उचलल्यापासून? कोण उत्तर देणार?

तिफण
त्यांना कर्मचारी मानलेलंच नाही, म्हणून किमान वेतन नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' ही व्याख्या आली आहे, पण ती विमा-निधीपुरती. वेतनाची नाही.
नगावर काम म्हणजे दर नाही, असं मात्र नसतं. इचलकरंजीत यंत्रमागावर ५२ पिकाला (पिक म्हणजे कापडाच्या इंचात बसणारे आडवे धागे) मीटरमागे इतके पैसे, अशी मजुरी ठरते. वेळेचा किमान दर ठरलेला असेल तिथे नगावर काम करणाऱ्यालाही त्याच्याखाली देता येत नाही. कमी मीटर निघाले कारण सूत तुटत होतं किंवा वीज गेली, तर तो तोटा कामगाराचा नाही. शिवणकाम, पॅकिंग, विडी सगळीकडे हेच. डिलिव्हरीला हा नियम लावायला आधी नोकरीचं नातं मान्य व्हावं लागेल.

सोनचाफा
मूळ प्रश्नाकडे येते. एका जाहिरातीत 'इन हँड ८,५००' लिहिलंय. हे किमान वेतनाखाली झालं ना?

खतावणी
हातात येणाऱ्या रकमेवरून ठरवू नका. १०,०२१ वर पीएफ १२ टक्के म्हणजे १,२०३, ईएसआय (कामगार विमा) पाऊण टक्का म्हणजे ७६, पुरुषाला व्यवसाय कर २००. हातात ८,५४२. भत्ता सोडून बोलतोय, तोही धरला तर सगळेच आकडे वर सरकतील. स्त्रियांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळे तिथे ८,७४२.
म्हणून पगारपत्रकात एकूण वेतन बघायचं. आणि नेमकी इथेच चलाखी होते. मालकाच्या वाट्याचा पीएफ कामगाराच्या वेतनातून कापून 'सीटीसी' (मालकाला पडणारा एकूण खर्च) म्हणून दाखवतात. मालकाचा वाटा किमान वेतनात मोजता येत नाही. प्रवासभत्ताही मोजता येत नाही. गणवेश, बूट, कॅन्टीन, बस यांची कपात किमान वेतन देऊन झाल्यावर आणि तीसुद्धा कायद्यात परवानगी असेल तेवढीच.

चाकणमार्ग
घरभाडं भत्त्यावर मात्र खतावणींशी थोडा मतभेद होऊ शकतो. १९४८ च्या कायद्यात वेतनाच्या व्याख्येत घरभाडं भत्ता धरलेला आहे. त्यामुळे मूळ कमी आणि घरभाडं जास्त दाखवून बेरीज किमान वेतनाएवढी करणारे लोक कायद्यात बसायचे. १९९९ च्या एअरफ्रेट निकालात सर्वोच्च न्यायालयानेही किमान वेतन हा एकत्रित आकडा मानला, मूळ आणि भत्ता अशी फोड करून मागता येत नाही म्हटलं.

खतावणी
मतभेद नाही, तेव्हाचं बरोबरच आहे. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू झाली. तिच्यात घरभाडं, प्रवास वगैरे वेतनाबाहेर आहेत आणि बाहेर ठेवलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर जादाची रक्कम परत वेतनात धरायची. मूळ पगार ४,००० आणि भत्ते ७,००० असली पत्रकं आता तपासणीत अडकतील.
संहितेतला दुसरा मोठा बदल: पूर्वी फक्त अनुसूचीत असलेल्या रोजगारांना किमान वेतन होतं, आता सगळ्या कर्मचाऱ्यांना. शिकाऊ कायद्याखालचे अप्रेंटिस तेवढे बाहेर. केंद्राने ठरवलेल्या तळवेतनाखाली कुठल्याही राज्याला दर ठेवता येणार नाही.

अंकगणित
तळवेतनाच्या बाबतीत खबरदारी हवी. याआधीचं राष्ट्रीय तळवेतन जून २०१७ पासून दिवसाला १७६ रुपये होतं आणि ते बंधनकारक नव्हतं. अनुप सत्पथी यांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये दिवसाला ३७५, महिन्याला ९,७५० सुचवले. हिशेब असा होता: माणशी दिवसाला २,४०० उष्मांक, ५० ग्रॅम प्रथिनं, ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि एका कमावत्यामागे ३.६ उपभोग एकक (एक प्रौढ माणूस म्हणजे एक एकक). १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेचा निकष तीन एककांचा होता. १९९१ च्या रेप्टाकोस ब्रेट निकालाने शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यासाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं.
किमान वेतन एकट्या पोराच्या पोटापुरतं कधीच ठरवलेलं नाही, त्यात कुटुंब धरलेलं आहे. 'अजून लग्न झालं नाही, आईबाप पोसतात, एवढ्यात भागतं की' हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. उलट बावीस वर्षांचा मुलगा बऱ्याचदा घरचा एकमेव पगारदार असतो.

रानजाई
हे शेवटचं वाक्य काचेवर लावायला हवं.

चाकणमार्ग
कागदावर दर पूर्ण आणि हातात कमी, याच्या नेहमीच्या पद्धतीही लिहून ठेवतो. मुलांना ओळखता आल्या पाहिजेत.
हजेरी कापणे: २६ दिवस काम, पत्रकात १८. रोजाचा दर बरोबर दिसतो, तपासणीत पकडता येत नाही. सिंगल ओटी: १२ तासांची पाळी, वरचे चार तास साध्या दराने किंवा 'ओटी' शब्द टाळून 'इन्सेंटिव्ह' म्हणून. रोख परत: खात्यात पूर्ण रक्कम येते, दोन दिवसांनी सुपरवायझर दोन-तीन हजार मागून घेतो. काही ठेकेदार एटीएम कार्डच स्वतःकडे ठेवतात. आणि ब्रेक: सहा-सात महिन्यांनी नाव काढून दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर चढवायचं, म्हणजे श्रेणी पुन्हा अकुशल.
यातली हजेरीची चोरी पकडायला ईएसआयचं पोर्टल उपयोगी. विमाधारक क्रमांकाने आत गेलं की दर महिन्याला किती दिवसांचं आणि किती वेतन दाखवलं ते दिसतं. पीएफ पासबुकात कोणत्या रकमेवर वर्गणी भरली ते दिसतं. तोच मालकाने सरकारला दिलेला लेखी जबाब समजा.

पारवा
खूप उपयोगी माहिती येतेय, सगळ्यांचे आभार. मग तक्रार कुठे आणि कधीपर्यंत करता येते? नोकरी सोडल्यावर चालते का?

तिफण
चालते. जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात, सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज. जुन्या कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती, बहुतेक दावे त्यातच बुडायचे कारण नोकरीत असताना कुणी तक्रार करत नाही. संहितेत ती तीन वर्षं केली आहे. फरकाच्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. आणि पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. कमी वेतन दिल्याबद्दल दंड ५०,००० पर्यंत. जुन्या कायद्यात तो ५०० रुपये होता!
अर्ज एकट्याने करण्यापेक्षा पाच-सात जणांनी मिळून एकच करावा, तशी सोय आहे. युनियनमार्फतही होतो. सोबत जोडायचं: बँकेचा उतारा, ओळखपत्राची छायाप्रत, पाळीचे व्हॉट्सॲप संदेश, हजेरी यंत्राचा फोटो, ईएसआय आणि पासबुकाची छापील प्रत. महिन्यावार तक्ता करा: देय किती, मिळाले किती, फरक किती. अधिकाऱ्याला बेरीज करायला लावली तर अर्ज तिथेच पडून राहतो.

सह्यगिरी
ठेकेदार पळून गेला तर मूळ कंपनीकडे मागायचं, हेही लिहा. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यापासून मुख्य मालकाची ती जबाबदारी आहे. आणि १९८२ चा एशियाड बांधकाम कामगारांचा निकाल विसरू नका. न्या. भगवती यांच्या खंडपीठाने म्हटलं की किमान वेतनाखाली करून घेतलेलं काम हे घटनेच्या कलम २३ प्रमाणे सक्तीचं काम. आपल्याकडचा शब्द वेठबिगारी. मुलगा स्वतः हो म्हणाला, हा बचाव त्यामुळे चालत नाही.

दुकानदार_मराठवाडा
वाचतोय. बोनसबद्दल कुणी लिहिलं नाही. आमच्याकडे दिवाळीला कापड आणि मिठाई देतात, तो बोनस धरायचा का?

खतावणी
वीस किंवा जास्त माणसं असतील, वेतन २१,००० पर्यंत असेल आणि वर्षात ३० दिवस काम झालं असेल तर ८.३३ टक्के बोनस बंधनकारक आहे. तो ७,००० वर किंवा त्या रोजगाराच्या किमान वेतनावर, यातलं जे जास्त असेल त्यावर. वर्षभर काम केलेल्याला म्हणजे जवळपास एक महिन्याचा किमान पगार. मिठाई त्यात धरता येत नाही. तुमच्याकडे वीसपेक्षा कमी माणसं असतील तर कायद्याने लागत नाही, देताय ते चांगलंच करताय.
आणि तुम्ही विचारताय, याचा आनंद वाटला.

दुकानदार_मराठवाडा
आमच्या परिमंडळाचा आजचा दर कुठे मिळेल? भत्त्यासकट.

तिफण
राज्याच्या कामगार विभागाच्या 'महाकामगार' संकेतस्थळावर विशेष भत्त्याचे तक्ते असतात. तीन गोष्टी तपासा. तक्ता दुकाने व व्यापारी आस्थापनेचाच आहे ना, कारण हॉटेल, बेकरी, छापखाना, अभियांत्रिकी यांचे दर वेगळे आणि परिमंडळांची व्याख्याही वेगळी. गाव महापालिका, नगरपरिषद की ग्रामपंचायत. आणि सहामाही चालू आहे ना. भत्ता जाहीर व्हायला उशीर झाला तर सहामाहीच्या पहिल्या दिवसापासूनचा फरक नंतर द्यावा लागतो.

पारवा
मग पाटीवाल्या दुकानात जाणाऱ्या मुलाने पहिल्या दिवशी काय विचारावं? एवढं एक कुणी थोडक्यात लिहा, मी ते छापून आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर लावणार आहे.

चाकणमार्ग
लिहितो, लावा.
नियुक्तिपत्र मिळेल का? त्यात श्रेणी कुशल, अर्धकुशल की अकुशल लिहाल? ट्रेनी असेन तर अप्रेंटिस करार क्रमांक काय? एकूण वेतन किती आणि त्यातून काय काय कापणार? आठवड्याचे तास किती, वरच्या तासांना दुप्पट दर मिळेल ना? पगार खात्यात आणि पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत ना? पगारपत्रक देणार ना?
आणि रोजची यायची-जायची वेळ स्वतःच्या वहीत, त्याच दिवशी, पेनने.

पारवा
लावतो. खाली परिमंडळ १ चा दर भत्त्यासकट लिहून ठेवतो, जानेवारी आणि जुलैत बदलायचा म्हणून तेवढी जागा खडूची.